मागच्या चाकाची पकड आणि व्यापाऱ्याचा हिशोब

माल खरेदी करणे आणि माल विकणे या दोन कामांच्या मधे व्यापाऱ्याला एक तिसरे काम असते. ते म्हणजे माल सुखरूप दुकानापर्यंत पोहोचवणे. या कामाकडे आपले लक्ष फक्त भाडे ठरवण्यापुरते असते. भाडे ठरले की बाकी सारे ड्रायव्हर आणि मिस्त्री यांच्यावर सोपवून आपण गल्ल्यावर बसतो. पण आता पुष्कळ कापड व्यापाऱ्यांनी स्वतःच्या पिकअप किंवा छोट्या टेम्पो घेतल्या आहेत. टाटाची एस गाडी २००५ साली बाजारात आली, तेव्हापासून तर लहान दुकानदारही गाडीमालक झाला. गाडीमालक झालो म्हणजे गाडीचा फायदा जसा आपला, तसे नुकसानही आपलेच. म्हणून या वेळी आपण गाडीच्या एका अशा भागाचा अभ्यास करू, ज्याच्याकडे पाटा तुटल्याशिवाय कोणी पाहत नाही. तो भाग म्हणजे मागचे पाटे, म्हणजेच मागचे सस्पेन्शन, आणि त्यावर अवलंबून असलेली मागच्या चाकाची रस्त्यावरची पकड.

शिरपूरच्या व्यापाऱ्याला हा विषय दूरचा नाही. सुरतेचा माल नवापूरमार्गे आला तर वाटेत कोंडाईबारीचा घाट लागतो. इंदूरकडे जायचे तर पळासनेर ओलांडून बिजासन घाट चढावा लागतो. बोराडी, सांगवी या बाजूच्या बाजारांना माल न्यायचा तर सातपुड्याच्या पायथ्याचे रस्ते आहेत. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळी माती डांबरावर आणून टाकतात आणि तो रस्ता साबणासारखा होतो. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजाराचे दिवस सुरू झाले की एका दिवसाचा उशीर म्हणजे वर्षभर वाट पाहिलेले गिऱ्हाईक हातचे गेले असे समजावे. अशा वेळी गाडी चढावर चाक फिरवत उभी राहिली तर तिचे भाडे, तिचा क्लच, तिचे टायर आणि आपला बाजार, सगळ्यांचा तोटा एकदम होतो.

पकड म्हणजे काय

गाडी इंजिनाने चालते असे आपण म्हणतो. खरे पाहता इंजिन चाक फिरवते आणि चाक रस्त्याला मागे ढकलते, म्हणून गाडी पुढे जाते. चाक रस्त्याला किती जोराने ढकलू शकेल याला मर्यादा आहे. ती मर्यादा दोन गोष्टींवर ठरते. एक, त्या चाकावर किती वजन आहे. दुसरी, टायर आणि रस्ता यांच्यात घर्षण किती आहे. कोरड्या चांगल्या डांबरावर १०० किलो वजनाचे चाक सुमारे ७० किलोचा जोर लावू शकते. ओल्या डांबरावर हाच जोर ४० ते ५० किलोवर येतो. डांबरावर ओली काळी माती पसरली असेल तर तो २० किलोपर्यंतही घसरतो. इंजिन कितीही ताकदवान असो, या मर्यादेपलीकडचा जोर लावला की चाक जागच्या जागी फिरते.

आपल्या पिकअप, छोटे टेम्पो आणि ट्रक यांत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना असतो. म्हणून मागच्या चाकांवर किती वजन आहे, ते दोन्ही बाजूंना सारखे आहे काय, आणि ते रस्त्यावर सतत टेकून राहते काय, हे तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत. तिन्हींचा संबंध पाट्यांशी आहे.

शर्यतीच्या गाड्यांनी शिकवलेला धडा

या प्रश्नांचा सर्वात बारकाईने अभ्यास कोणी केला असेल तर तो ड्रॅग रेस करणाऱ्यांनी. ड्रॅग रेस म्हणजे आपल्या शंकरपटासारखी सरळ रेषेतली शर्यत. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, इशारा मिळाला की सुटतात, आणि पाव मैलाची म्हणजे सुमारे ४०२ मीटरची दौड आधी पूर्ण करणारी जिंकते. अमेरिकेत या खेळाची संघटना, नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, १९५१ साली स्थापन झाली. आपल्या महाराष्ट्रातही लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या विमान धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत. तेथे बंद धावपट्टी असते, नियम असतात, सुरक्षेची व्यवस्था असते. हमरस्त्यावर अशी शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, हे आपल्या घरातील तरुणांना सांगून ठेवावे.

या शर्यतीत वळण नाही, चढ नाही. सारा खेळ सुटण्याच्या क्षणाचा आहे. चाक जागेवर फिरले की शर्यत गेली. त्यामुळे त्या लोकांनी मागचे सस्पेन्शन कसे जुळवावे याचे शास्त्रच तयार केले. त्यातील तीन गोष्टी आपल्या मालगाडीला जशाच्या तशा लागू पडतात.

पहिली गोष्ट : वजन मागे सरकते

गाडी जोराने पुढे निघाली की तिचे नाक वर उठते आणि मागचा भाग बसतो. याचा अर्थ पुढच्या चाकांवरचे काही वजन मागच्या चाकांवर गेले. किती गेले हे काढण्याचा हिशोब सोपा आहे. गाडीचे एकूण वजन, वेग वाढण्याचा दर आणि वजनाच्या मध्यबिंदूची जमिनीपासूनची उंची यांचा गुणाकार करावा आणि त्याला पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतराने भागावे. समजा माल भरलेल्या गाडीचे वजन २,८०० किलो, मध्यबिंदूची उंची ०.९ मीटर, चाकांतील अंतर ३ मीटर आणि वेगवाढ गुरुत्वाकर्षणाच्या पाचव्या हिश्श्याइतकी आहे. तर सुमारे १६८ किलो वजन मागे जाते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते की मागचे पाटे मऊ केले, गाडी जास्त बसली, तर जास्त वजन मागे जाईल. वरच्या हिशोबात पाट्यांचा आकडा कोठेच नाही. वजन किती सरकायचे ते उंची, अंतर आणि वेगवाढ ठरवते. पाटे आणि शॉकअप फक्त एवढेच ठरवतात की ते वजन किती लवकर सरकेल, झटक्याने की सावकाश, आणि सरकल्यावर चाक उड्या मारील की शांत राहील. ड्रॅग रेसवाले शॉकअपवर एवढा खर्च करतात तो याच कारणाने.

दुसरी गोष्ट : पाटा गाडीला ढकलतो

पाटे म्हणजे गाडीचे वजन झेलणारी गादी, एवढीच आपली समजूत असते. त्यांचे दुसरे काम अधिक मोठे आहे. चाकाचा जोर एक्सलला मिळतो, एक्सलचा जोर पाट्याच्या पुढच्या निम्म्या भागाला मिळतो, आणि पाट्याच्या पुढच्या डोळ्यातील बोल्टमधून तो फ्रेमला जातो. म्हणजे सारी गाडी त्या दोन बुशांनी ढकलली जाते. मागच्या टोकाची शॅकल फक्त पाट्याची लांबी कमीजास्त होऊ देते.

चाकाला जोर मिळाला की एक्सल उलट्या दिशेने पिळण्याचा प्रयत्न करतो. त्याबरोबर पाटाही इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो. वाकून झाले की तो सुटतो, पुन्हा वाकतो, पुन्हा सुटतो. चढावर गाडी सोडताना मागून धडधड ऐकू येते आणि चाक उड्या मारते, ती हीच. या प्रत्येक उडीत टायर क्षणभर रस्त्यावरून हलका होतो आणि पकड जाते. १९६०च्या दशकात अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने शर्यतीसाठी खास पाटे बनवले. त्यांचा पुढचा भाग आखूड आणि कडक, मागचा भाग लवचीक होता. जोर झेलणारा भाग कडक ठेवला म्हणजे पीळ कमी पडतो, हे त्यामागचे तत्त्व.

आपल्या मालगाडीला शर्यतीचे पाटे लावायचे नाहीत. पण हे तत्त्व ओळखले म्हणजे तपासणी कोठे करायची ते कळते. पुढच्या डोळ्याचा बुश झिजलेला, पाट्यांना बांधणारी क्लिप तुटलेली, यू-बोल्ट सैल, यापैकी काहीही असेल तर पाटा जास्त पिळतो आणि चाक उड्या मारते. सेंटर बोल्ट तुटला तर एक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते. ही दुरुस्ती नवीन पाट्यापेक्षा कितीतरी स्वस्त असते. नवे पाटे बसवल्यावर काही शे किलोमीटर चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. उस्ताद लोक हे सांगतात, पण गाडी परत घेऊन जाण्याची सवड आपण काढत नाही.

तिसरी गोष्ट : उजवे चाकच का फिरते

रिकामी गाडी चिखलात अडकली की बहुधा उजवे मागचे चाक फिरते, डावे उभे राहते. त्याचीही कारणे आहेत. इंजिनापासून मागे जाणारा शाफ्ट फिरताना एक्सलला एका बाजूला पिळतो. नेहमीच्या दिशेने फिरणाऱ्या इंजिनात या पिळामुळे डावे चाक खाली दाबले जाते आणि उजवे उचलले जाते. याशिवाय आपला रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. डाव्या बाजूने चालणारी गाडी डावीकडे कलते, म्हणून उजव्या चाकावरचे वजन आणखी कमी होते. क्रायस्लरच्या त्या पाट्यांत डावा आणि उजवा पाटा वेगवेगळा होता, तो या पिळाचा बंदोबस्त म्हणूनच.

आता साधे डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. उजवे चाक घसरले की डाव्यालाही तेवढाच कमी जोर मिळतो. म्हणजे दोन्ही चाकांची मिळून पकड ही कमजोर चाकाच्या दुप्पट, त्याहून जास्त नाही. उजव्या चाकावरचे २५ किलो कमी झाले तर ५० किलो वजनाची पकड गेली असे धरावे. म्हणून माल भरताना जड गाठी डाव्या बाजूला रचू नयेत. हमाल ज्या बाजूने माल चढवतो त्याच बाजूला जड माल साठतो, ही नेहमीची गोष्ट आहे. दोन्ही बाजू सारख्या ठेवाव्यात.

रिकामी गाडी घसरते, भरलेली चढते

ड्रायव्हर लोकांचा हा तजुर्बा आहे आणि तो बरोबर आहे. उदाहरणासाठी आकडे घेऊ. रिकामी पिकअप १,७०० किलोची, त्यापैकी मागच्या चाकांवर ६८० किलो. रस्त्यावर ओली काळी माती, म्हणजे पकड वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढी. चढ शंभराला आठ. चढावर आणखी तीसेक किलो वजन मागे सरकले असे धरले तर पकड झाली साधारण १४२ किलो. चढण्यासाठी आठ टक्के आणि चाके गडगडण्यासाठी दोन टक्के, मिळून दहा टक्के म्हणजे १७० किलो जोर लागतो. पकड १४२, गरज १७०. गाडी उभी.

आता त्याच गाडीत १,००० किलो कापड भरले आणि त्याचा मध्य मागच्या एक्सलच्या ६० सेंटिमीटर पुढे ठेवला. चाकांतील अंतर ३ मीटर असल्याने २०० किलो पुढे आणि ८०० किलो मागे पडतात. मागच्या चाकांवर १,४८० किलो झाले. पकड सुमारे २९६ किलो, गरज २७०. गाडी चढते. येथे पाट्यांत काहीही बदल केला नाही. फक्त वजन योग्य जागी आले.

यावरून कोणी सगळा माल अगदी मागे रचू लागेल तर तेही नुकसानीचे आहे. १०० किलोची गाठ एक्सलच्या ९० सेंटिमीटर मागे ठेवली तर मागच्या चाकांवर १३० किलो पडतात आणि पुढच्या चाकांवरचे ३० किलो कमी होतात. अशा चार-पाच गाठी झाल्या की स्टीअरिंग हलके होते आणि वळणावर गाडी ऐकत नाही. म्हणून सुटिंग, चादरी, टॉवेल असा जड माल खाली आणि केबिनपासून एक्सलपर्यंत ठेवावा. सिंथेटिक साड्या, रेडीमेडची खोकी असा हलका माल वर आणि मागे ठेवावा. वाटेतल्या दुकानांना माल देत जायचे असेल तर उतरवण्याचा क्रम आधी ठरवावा. नाहीतर मागचा माल आधी उतरतो, उरलेला केबिनला टेकून राहतो, आणि शेवटच्या चढावर मागची चाके हलकी पडतात.

"शेठ, एक पाटा वाढवून घ्या"

हा सल्ला प्रत्येक गाडीमालकाने ऐकला आहे. गाडी माल भरल्यावर जास्त बसते, म्हणून एक पाटा वाढवायचा. वाढवल्यावर गाडी उंच दिसते आणि मालकाला वाटते की गाडीची ताकद वाढली. या ठिकाणी थोडा विचार केला पाहिजे.

पाट्यांचा कडकपणा पाट्यांच्या संख्येप्रमाणे वाढतो आणि जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. पाच सारख्या पाट्यांत तसाच सहावा टाकला तर कडकपणा सुमारे २० टक्के वाढतो. पण तेच पाटे जाडीला फक्त १० टक्के जास्त घेतले तर कडकपणा ३३ टक्के वाढतो. दिसायला फरक नाही, परिणाम मात्र मोठा. आता ही गाडी माल उतरवून परत निघाली म्हणजे काय होते? रिकाम्या गाडीला हे पाटे फार कडक पडतात. खड्ड्यातून निघालेले चाक खाली यायला वेळ घेते, गाडी उडते, आणि पकड हवी तेव्हाच टायर हवेत असतो. जुना शॉकअप हा जास्तीचा उसळा आवरू शकत नाही.

याहून गंभीर गोष्ट ब्रेकची आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सल आणि फ्रेम यांच्यामध्ये एक व्हॉल्व्ह दांडीने जोडलेला असतो. गाडी माल भरून बसली की हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी, म्हणजे उंच असली की कमी दाब देतो, म्हणजे रिकाम्या गाडीची मागची चाके जाम होऊन घसरत नाहीत. आता पाटा वाढवून आपण गाडी उंच केली. माल भरला तरी गाडी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामीच आहे. तो मागच्या ब्रेकला कमी दाब देतो आणि घाट उतरताना जवळपास सारा भार पुढच्या ब्रेकवर पडतो. ते तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. पाटा बदललाच तर हा व्हॉल्व्ह कंपनीच्या मापाने पुन्हा जुळवून घ्यावा. ज्या गॅरेजला हे माप माहीत नाही तेथे पाट्याचे काम करू नये.

घाटात ब्रेक जाणे म्हणजे काय, हे शिरपूर तालुक्याला सांगायला नको. ४ जुलै २०२३ रोजी पळासनेर येथे महामार्गावर एक भरधाव कंटेनर वाहनांना धडकून रस्त्याकाठच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा जणांचे प्राण गेले. ब्रेक निकामी झाल्याचे त्या वेळी सांगितले गेले. त्या कंटेनरचा पाट्यांशी संबंध होता असे येथे म्हणायचे नाही. सांगायचे एवढेच की आपल्या गाडीचा ब्रेक हा केवळ आपला खाजगी मामला नाही. रस्त्याच्या कडेला चहा पिणारा माणूसही त्याच्या भरवशावर बसलेला असतो.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. पाटा वाढवला म्हणून गाडीची मंजूर क्षमता वाढत नाही. एक्सल, टायर, ब्रेक, बेअरिंग हे सारे जुन्याच वजनासाठी बनलेले असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवून घ्यावा लागतो, त्याचा खर्च वेगळा. अपघात झाला आणि विमा कंपनीने गाडीतील फेरफार दाखवून हात झटकले तर एका पाट्याचा फायदा कितीला पडला, याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

गाडी खरोखर बसत असेल तर आधी तीन गोष्टी पाहाव्यात. पाटे जुने होऊन सपाट झाले आहेत काय, एखादा आतला पाटा तुटला आहे काय, आणि माल मंजूर वजनापेक्षा जास्त भरला जातो काय. पहिल्या दोन्हींसाठी कंपनीच्या मापाचे नवे पाटे हा उपाय आहे. तिसऱ्यासाठी दुसरी खेप किंवा मोठी गाडी हाच उपाय आहे.

महिन्यातून एकदा करण्याची तपासणी

१. कापड मोजायचा टेप आपल्या दुकानात असतोच. गाडी सपाट जागी उभी करून मागच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डपर्यंतचे अंतर मोजावे. रिकामी असताना एकदा आणि भरलेली असताना एकदा. आकडे वहीत लिहावेत. दोन बाजूंत पाऊण इंचापेक्षा जास्त फरक असेल तर पाटे किंवा मालाची रचना तपासावी.

२. काट्यावर आधी फक्त पुढची चाके चढवून वजन घ्यावे, मग संपूर्ण गाडीचे. वजाबाकी केली की मागच्या एक्सलवरचे वजन कळते. ते कागदपत्रांतील मर्यादेशी ताडून पाहावे.

३. यू-बोल्ट, क्लिपा, पुढच्या डोळ्याचे बुश आणि शॅकल डोळ्यांनी पाहावे. दोन पाट्यांमध्ये ताजी गंजाची रेघ दिसली तर तेथे हालचाल किंवा तडा आहे असे समजावे.

४. शॉकअपवर तेलाचा ओलावा असेल, किंवा मागचा भाग दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा डोलत असेल, तर शॉकअप जोडीनेच बदलावे.

५. मागचे टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे असावेत. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर काढावा. ड्रॅग रेसवाले पकडीसाठी हवा कमी करतात, ते त्या काही सेकंदांसाठी असते. मालगाडीने हवा कमी करून शंभर किलोमीटर धावले तर टायर तापून फुटतो. हवा कंपनीने सांगितलेलीच ठेवावी.

६. ड्रायव्हरला सांगावे की निसरड्या चढावर रिकामी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळू सोडावी, म्हणजे चाकाला झटका बसत नाही. भरलेली गाडी मात्र पहिल्यातच सोडावी, नाहीतर अर्ध्या क्लचवर प्लेट जळते. उतरताना ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे.

शर्यतीच्या गाडीला चार-दोन सेकंदांचा फायदा हवा असतो. आपल्याला हजारो किलोमीटर बिनतक्रार चालणारी गाडी हवी आहे. गरज वेगळी असली तरी नियम तोच आहे. वजन योग्य जागी असावे, दोन्ही बाजूंना सारखे असावे आणि चाक रस्ता सोडू नये. या तीन गोष्टींना पैसा थोडा आणि लक्ष जास्त लागते. दुकानाचा हिशोब जसा आपण रोज रात्री तपासतो, तसा गाडीचाही महिन्यातून एकदा तपासावा. गाडीत बसलेला ड्रायव्हर कोणाच्या तरी घरचा कमावता माणूस आहे, आणि त्याला सुखरूप परत आणणे हेही मालकाच्याच खात्यात लिहिलेले असते.